मायनर कुठं संपतं?

आमच्या गोदामात रिकामे पुठ्ठे साठतात आणि किस्सेही साठतात. पुठ्ठे निदान भंगारवाला उचलतो!

मी भिवंडीला गोदामात चेकिंगला आहे. ट्रकमधून उतरलेला माल तपासायचा आणि चिठ्ठी लावायची. शिक्षण सातवी. पण मॅनेजर सरांनी पहिल्याच दिवशी पाठ करून घेतलं: स्लाइट डेंट, मायनर स्क्रॅच. असं असेल तर पिवळी चिठ्ठी, माल पास. मोठं नुकसान असेल तर लाल, माल परत.

मला एकच कोडं पडायचं. हे मायनर नेमकं संपतं कुठं?

*

यादव ड्रायव्हरचं तर संपतच नसे. एकदा फ्रीज उतरवला, दार एकीकडे, फ्रीज दुसरीकडे. म्हणतो, "भाभी, मायनर है. पीली लगाव!"

माझी जोडीदार सुनंदाताई म्हणाली, "मंग मेजर कशाला म्हनतोस रं?"

"गाडी पलटी हुई तो!"

पुढच्याच महिन्यात अंबाडीजवळ त्याची गाडी पलटी झाली. सरांना फोन: "सर, गाडी थोडा साइड में लेटा है!"

*

सरांच्या नव्या मोटरसायकलवर नखाएवढी रेघ उठली. "कोणी केलं हे? पार वाट लागली गाडीची!"

सुनंदाताईने गाडीच्या मागे गुपचूप पिवळी चिठ्ठी चिकटवली. सर ती मिरवत घरी गेले!

*

दिघाशीला घरी आले की हे सगळं सासूबाईंना सांगायचे. दोन वर्षांची पिंकी दिवसभर त्यांच्यापाशी. माझा अर्धा जीव घरीच. आल्या आल्या पोरीला उलटसुलट करून बघायचे.

सासूबाई हसायच्या, "बघ बाय, कंची चिठ्ठी लावतंस!"

एकदा गोदामात फोन आला. सर म्हणाले, "तुझ्या सासूबाई शेजारून बोलल्या. मुलगी ओट्यावरून पडली. मायनर आहे म्हणतात."

मायनर! डोळ्यांसमोर तो फ्रीजच आला.

यादवने लगेच टेम्पो काढला. वाटेत एकदाही "मायनर है" म्हणाला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

बघते तर पिंकी ओट्यावर बसून बिस्कीट खातेय. तिला उलटसुलट करून बघितलं. साधं खरचटलेलंही नाही.

"आई, मग पडली कुठं ही?"

"माझ्या अंगाव."

त्यांचा उजवा हात पदराखाली होता. मी पदर बाजूला केला. मनगट सुजून वाकडं झालेलं.

"आई!"

"वरडू नको, पोर घाबरंल," सासूबाई म्हणाल्या. "पिवळी लाव."