त्रिवेणीबाईंच्या हातातला नारळ

आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांच्या तोंडात दिवसभर ‘नक्को’ असतं. ऑटोवाल्याला नक्को, भाजीवालीला नक्को, सुलतान बाजारात साडीचा भाव ऐकला की दोनदा नक्को. पण समोर घरातलं वडीलधारं माणूस किंवा मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले की तीच जीभ टाळूला चिकटते. या रोगाला आम्ही भीड म्हणतो आणि वर त्याला संस्कार म्हणून मिरवतो. त्रिवेणीबाई बिरादार यांनी आयुष्याची चांगली वर्षं या एका रोगावर औषध देण्यात घालवली.

बाई तारनाक्याला आमच्या शेजारी राहतात. माहेर बीदरकडचं, शेतीवाडीचं. नवरा रेल्वेत होता, तो गेला. बाई स्वतः सरकारी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवायच्या. कोचिंगच्या होस्टेलात कोंबलेली इंटरची, म्हणजे अकरावी-बारावीची पोरं त्यांनी जवळून पाहिली होती. गणितात पैकीच्या पैकी, पण ‘तुला काय वाटतं?’ असं विचारलं की आईच्या तोंडाकडे बघणारी. बाईंना याचा संताप यायचा. पुढच्या कॉलेजात ढकलण्याआधी या मुलांना कुणीतरी माणसात आणायला हवं, असं त्या म्हणायच्या.

म्हणून इंटरची परीक्षा आटोपली की पुढचं कॉलेज उघडेपर्यंत सुलतान बाजारातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्या वर्ग घ्यायच्या. फी नाही, मार्क नाहीत, सर्टिफिकेट तर नाहीच. एकच बातमी मराठी, तेलुगू आणि उर्दू पेपरांत कशी वेगवेगळी येते, ते बघायचं. ज्याच्याशी आपलं जमत नाही, त्याचीच बाजू उभं राहून मांडायची. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून खिचडी आणि तिच्यावर ओतायचा चिंचेचा खट्टा करायचा, आणि त्या दिवशी भांडी मुलग्यांनी घासायची. यावरूनही आयांची कुरकुर झालीच.

पण खरा गाजला तो बाईंचा होमवर्क. प्रत्येकानं घरच्या मोठ्या माणसाला एकदा तरी नाही म्हणायचं. आवाज चढवायचा नाही, कारण सांगायचं, आणि काय झालं ते वर्गात येऊन सांगायचं. प्रिया नावाच्या मुलीनं आजोबांना सांगितलं की तुम्ही घरात असताना फोनवर ‘नाहीत’ असं मी सांगणार नाही. आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. पहिल्या तुकडीतल्या शिवराजनं तर काकांनी आणून दिलेला उत्पन्नाचा खोटा दाखला परत केला आणि स्कॉलरशिपवर पाणी सोडलं. ही गोष्ट बाई दरवर्षी नव्या मुलांना सांगायच्या. सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

तोच शिवराज आज मंडळाचा सेक्रेटरी आहे. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि गोड बोलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

यंदा एका कोचिंगवाल्याची नजर हॉलवर गेली. त्याला उन्हाळाभर, सकाळपासून रात्रीपर्यंत हॉल हवा होता. बदल्यात तो एसी बसवून देणार होता. म्हणजे बाईंचा वर्ग बंद. सर्वसाधारण सभेत ठराव येणार हे कळल्यावर बाई महिनाभर अस्वस्थ होत्या. त्या मंडळाच्या आजीव सभासद. दोन-चार पालकांनी त्यांना शब्द दिला होता की टीचर, तुम्ही उभ्या राहा, आम्ही मागोमाग उभे राहतो. पहिलं कुणी उठायचं, एवढाच प्रश्न होता. तोही सुटला होता, कारण बाई उठणार होत्या. शिवराजनं फोनवर ‘मी आहे ना, टीचर’ असं सांगितलं होतं. कुणाच्या बाजूनं, ते सांगितलं नव्हतं.

मी मंडळाचा सभासद नाही. पूर्वी होतो, कोजागिरीच्या दुधावरून भांडून बाहेर पडलो. त्या दिवशी गेलो, ते बाईंना स्कूटरवर न्यायचं-आणायचं होतं म्हणून.

सभा सुरू झाली आणि शिवराजनं जाहीर केलं की आधी एक आनंदाचा कार्यक्रम आहे. बाईंना व्यासपीठावर बोलावलं. अध्यक्ष नामदेवरावांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हार घातला, हातात श्रीफळ दिलं. बाईंनी मंडळाच्या तीन पिढ्यांवर मूल्यं कोरली, असं काहीबाही ते बोलले. टाळ्या पडल्या. बाईंना काहीच कल्पना नव्हती. त्या संकोचून बसल्या, डोळे भरून आले होते. मला तेव्हाच वास आला होता, पण आपल्याला बोलायचा अधिकार नाही.

हार उतरायच्या आत शिवराजनं ठराव वाचला. काय सुरेख बोलला तो. समोरच्याची बाजू आपण समजून घेतली पाहिजे, हे टीचरांनीच शिकवलं, म्हणाला. आजच्या पालकांची बाजू कोचिंगची आहे, म्हणाला. आणि कोचिंगवाले दर रविवारी एक तास मूल्यशिक्षण ठेवणार आहेत, त्याला बिरादार टीचरांचं नाव देणार आहेत, त्याची परीक्षाही होईल. एवढं ऐकून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. बाईंनी धार लावून दिलेल्या सुरीनं त्यानं बाईंनाच कापलं, आणि कापताना नमस्कारही केला.

नामदेवरावांनी विचारलं, “कुणाचा विरोध?” आणि हसून बाईंकडे पाहिलं.

शब्द दिलेले पालकही बाईंकडेच बघत होते. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. अंगावर शाल, गळ्यात हार, दोन्ही हातांत नारळ. आत्ताच ज्यांनी मान दिला, त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता येत होतं. त्या नारळाकडे बघत राहिल्या. मला राग आला, शिवराजचा आला त्याहून जास्त बाईंचा आला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर गेला. तो ईशाचा, म्हणजे हिमायतनगरच्या वकिलांच्या मुलीचा होता. वर्गातली सगळ्यात बुजरी. तिचा होमवर्क मागच्या उन्हाळ्यात शेवटपर्यंत झालाच नव्हता. रोज मान खाली घालून ‘नाही झाला, टीचर’ म्हणायची. नामदेवराव हसले. बाळ, मत फक्त सभासदांचं असतं, म्हणाले. हॉल हसला. तिच्या आईनं तिचा हात धरून खाली ओढला. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि लगेच मिठाईच्या प्लेटा फिरल्या.

मी स्कूटर काढली. बाई पायऱ्यांवर उभ्या होत्या, शाल तशीच, नारळ तसाच. ईशा आईचा हात सोडवून धावत आली. तिचे डोळे लाल होते.

“टीचर, झाला माझा होमवर्क,” ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, “तुम्ही हात कायकू नाही उचलला?”

“हातात नारळ होता गं.”

ईशानं नारळाकडे पाहिलं, मग बाईंकडे. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. आवाज न चढवता, जसं शिकवलं होतं तसंच ती म्हणाली, “खाली ठेवायचा होता ना, टीचर.”

तिची आई हाका मारत होती, म्हणून ती गेली. बाई माझ्या मागे स्कूटरवर बसल्या. तारनाका येईपर्यंत नारळ त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.