चार खांबांची गोळी

आमच्या वाडीतली केळी एवढी लांब असायची की इकडे एक सोलायला घेतलं तर त्याचं दुसरं टोक आगाशीच्या बाजारात कुणीतरी खात असायचं. आमच्या विहिरीत मी मगरही पाहिली होती. निदान पाहिल्याचं सांगत तरी होतो. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात पदरची भर नाही, आणि माझ्या तोंडून ते कुणाला पटायचं नाही.

माझा थोरला भाऊ अगदी उलट. लढाईच्या काळात तो फौजेच्या कारखान्यात बंदुका दुरुस्त करायचा. परत आला तो एका पायाने लंगडत, पण नजर अशी की नवी भिंत लांबूनच पाहून म्हणायचा, "बोटभर कललीय." आणि ती बोटभरच कललेली निघायची.

जूचंद्रच्या बाजूला मिठागरं असलेल्या एका शेठकडे परवान्याचं जुनं पिस्तूल होतं. लढाईनंतर त्या मापाची काडतुसं मिळेनाशी झाली. रिकामी पितळी नळकांडी शेठनी जपून ठेवली होती, ती पुन्हा भरून द्यायचं काम दादाकडे आलं. पाचूबंदरच्या कोळ्यांकडून जुन्या जाळ्यांचं शिसं आणून तो गोळ्या ओतायचा.

अडचण होती ती दारू किती भरायची याची. कमी पडली तर गोळी नळीतच अडकणार, जास्त झाली तर पिस्तूल हातात फुटणार. कारखान्यात दाब आणि वेग मोजायला यंत्रं होती, आमच्याकडे केळी होती. घड उतरवलेल्या केळीचे सात खांब दादा एकामागे एक उभे करायचा. गोळी किती खांब भेदते त्यावरून वेग कळायचा. दाब कळायचा तो काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवरून. टोपीच्या कडा गोल राहिल्या तर ठीक, ती चपटी झाली तर थांबायचं. शेठकडे शिल्लक राहिलेलं एकुलतं एक विकतचं काडतूस दादाने आधी झाडून पाहिलं होतं. त्याने चार खांब भेदले. म्हणजे चारला थांबायचं.

पिस्तूल ओंडक्याला बांधून, विहिरीच्या कठड्याआडून दोरी ओढायची, अशी दादाची पद्धत. खांब पाटाच्या पलीकडे होते. दादाला त्या पायाने पाट ओलांडता येत नसे, म्हणून धावत जाऊन मोजायचं काम माझं. मी तेविशीतला घोडा, पण एक खांब गेला तर "दोन!" ओरडायचो, दोन गेले तर "तीन!" त्यात फसवायचा हेतू नव्हता. खरा आकडाच मला मेला मिळमिळीत वाटायचा. दादाला हे ठाऊक होतं. तो मनात एक वजा करायचा आणि चिमूटभर दारू वाढवायचा.

त्या सकाळी शेठ स्वतः येऊन खुर्ची टाकून बसले.

"काय हो मास्तर, गोळ्या भरताय की लोणचं मुरवताय?"

दादा हसला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आज थापा नकोत."

"गळ्याशपथ नाही," मी म्हटलं. पण असल्या शपथा मी रोजच घेत होतो.

दोरी ओढली. मी धावलो. चार खांब आरपार गेले होते. पाचव्याला नुसता ओरखडा. भोकांत बोट घालून मी दोनदा मोजले.

"चार!" मी ओरडलो.

"किती?"

"चार! खरंच चार, दादा!"

शेठ खदखदून हसले. "तुमच्या भावाचे चार म्हणजे बाजारातले तीन!"

"एक वजा करतोच मी त्याला," दादा म्हणाला. मग काडतूस उजेडात धरून नखाने टोपी चाचपत राहिला. "चपटी दिसतेय." काडतूस खाली ठेवलं. "टोप्या जुन्या आहेत. मऊ असतील."

तेव्हा मी पाट ओलांडून यायचं होतं, त्याचा हात धरायचा होता. पण माझी कीर्ती जूचंद्रपर्यंत पोचली म्हणून मी तिथेच उभा राहून हसत होतो.

त्याने आणखी चिमूटभर दारू घातली. "आता दोरीबिरी पुरे," शेठ म्हणाले, "हातातून झाडून दाखवा." आपल्या हिशेबाने दादा आता कुठे चौथ्या खांबावर होता. त्याने झाडलं.

पिस्तुलाचं काडतुसं बसवायचं चक्र फुटलं. दादाची दोन बोटं गेली, उजवा डोळा गेला, आणि पुढे डावाही मंदावत गेला.

इस्पितळात पट्ट्यांखालून त्याने पहिलं हेच विचारलं, "खरे किती होते रे?"

चार म्हटलं असतं, तर उरलेला जन्म तो त्या एका वजाबाकीशी भांडत बसला असता.

"तीन," मी म्हटलं. "तुला माहीत आहे ना माझं."

"म्हणजे माझं माप चुकलं नव्हतं."

"छे."

"मग लोखंडच सडकं. मिठागराच्या हवेत ठेवलेलं."

"लोखंडच, दादा."

पुढे सगळ्या गावाने शेठच्या सडक्या पिस्तुलाला नावं ठेवली. शेठ आमच्याकडे यायचे बंद झाले. त्यांचंही मी देणं लागतो. पण दादा होता तोवर तोंड उघडलं नाही. पाहुणे आले की तो मला साक्षीला हाक मारायचा, "सांग रे यांना, किती खांब गेले होते?" मी येऊन समोर उभा राहायचो. "तीन," म्हणायचो. लोक माझ्यावर चटकन विश्वास ठेवायचे. आणि दादा मान हलवत, हाताला उरलेल्या बोटांनी खुर्चीचा हात चाचपत, शांत होऊन बसायचा.