पाचव्या कुंडीतला मोगरा

माझे साडू आयुष्यात एकही जिना एकेक पायरीने चढलेले नाहीत. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीचा जिना ते दोन-दोन पायऱ्यांनी चढतात, पेपर तीन-तीन पानं सोडून वाचतात. एका लग्नात श्रीखंड वाढायला दिलं, तर दर चौथ्या पानावर वाढत सुटले. "राहिलेले पुढच्या फेरीत!" म्हणाले, आणि दुसरी फेरीही पहिल्याच पानापासून सुरू केली. नवऱ्या मुलाच्या मामांना दोनदा श्रीखंड मिळालं, मला अजून मिळायचंय. हिंजवडीत ते रस्ट नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहितात. तिथे लूप, म्हणजे तेच काम फिरून फिरून करून घेणारी आज्ञा, किती पावलांनी पुढे न्यायची ते ठरवता येतं. तेव्हापासून एकेक पाऊल टाकणं त्यांना अडाणीपणाचं वाटतं. "पाऊल शून्य ठेवलं तर प्रोग्राम जागीच कोसळतो," असं एकदा गंभीरपणे म्हणाले. "हिंजवडीच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही रोज तेच करता की," मी म्हटलं. ते हसले नाहीत. भाषेची थट्टा त्यांना खपत नाही.

लेकीच्या बाळंतपणासाठी मेव्हणीबाई बंगळूरला गेल्या, तेव्हा गच्चीवरच्या चोवीस कुंड्या साडूंवर सोपवून गेल्या. पाचव्या कुंडीतला मोगरा सासूबाईंच्या हातचा. त्या वारल्या, त्यांचं अंगणही विकलं गेलं, उरला तो एवढाच. "अहो, तीन दिवसांतून एकदा पाणी, पण त्याला जपा," असं मेव्हणीबाईंनी चारदा बजावलं होतं. साडूंनी नळ्या, मोटर आणि चिमुकला कॉम्प्युटर जोडला. रोज दर तिसऱ्या कुंडीला पाणी आणि दुसऱ्या दिवशी सुरुवात एक कुंडी पुढून, असा बेत होता. सुरुवात पुढे सरकवायची तेवढी राहिली. तीन आठवड्यांनी मी गच्चीवर गेलो, तर आठ कुंड्यांत चिखल आणि सोळांत वाळवण. मोगऱ्याच्या काड्या झाल्या होत्या.

साडू तिथेच खाली बसले. मग त्यांनी स्वतःहून मेव्हणीबाईंना फोन लावला. "अगं, मोगरा वाळला. माझ्यामुळे."

पलीकडून आवाज आला, "श्रीखंडासारखंच केलंत ना? बुंधा नखाने खरवडून बघा. आत हिरवा असला तर जगेल."

हिरवा होता.

आता साडू रोज सकाळी तांब्या घेऊन कुंडी-कुंडीपाशी थांबतात, मातीला बोट लावून बघतात. परवा मोगऱ्याला कळी दिसली. "आधी तुमच्या मेव्हणीला येऊन बघू दे," म्हणून त्यांनी मला हातसुद्धा लावू दिला नाही. मला सासूबाईंची फार आठवण झाली. साडूंनाही झाली असावी, कारण जिना उतरताना ते माझ्यासोबत एकेक पायरी उतरत होते.