पाद्रीपंडिताचं खरं मानायचं का?

अंतोनमामांचे किस्से मुद्दाम कोणी सांगत नाही. आम्ही चार रत्नागिरीकर ख्रिस्ती एकत्र बसलो, चहा आला, की कोणीतरी म्हणतं, "ते पाद्रीपंडिताचं आठवतं का?" मग गाडं थांबत नाही. तीस सालच्या आसपासची गोष्ट. ती माणसं आता नाहीत, पण रविवारची उपासना, आमची मिस्सा, सुटली की चर्चच्या ओट्यावर मला अजून त्यांची फार आठवण येते.

*

मुंबईहून बोटीने एक धार्मिक मासिक यायचं. त्यात एका विद्वान पाद्रींनी लिहिलं, की बाप्तिस्म्याआधी गेलेलं मूलही देवाच्या दयेवर सोपवता येतं. आम्ही आजवर शिकलो होतो, की असं मूल स्वर्गाबाहेरच राहतं, त्याच्यासाठी प्रार्थनाही करायची नाही.

माझ्या मारीमावशीची पोर तशीच गेली होती. फादर गावोगाव फिरतीवर, आणि अडीअडचणीला घरातल्या कुणीही डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला तरी चालतं, हे त्या धावपळीत सुचलंच नाही. मावशी ओट्याशी आली. "माम, हे खरं मानू ना मी?"

अंतोनमाम घरोघरची प्रार्थना, आमची लादाईन, चालवायचे. त्यांचा शब्द शेवटचा. "मारये, छापलंय मुंबईत. मुंबईत काय वाट्टेल ते छापतात."

मावशी तशीच घरी वळली. मला मामांचा भयंकर राग आला.

*

पाववाला पास्कू या वादात मावशीच्या बाजूचा. त्याने मासिकातला पंडिताचा फोटो पुढे केला. मामांनी चष्मा पुसून पाहिला. "दाढी नाय. आणि देवाच्या मनातलं सांगतो?"

"दाढीच बघायची तर माम, आमचा बोकड काय वाईट?"

मामांनी आठवडाभर पास्कूचा पाव घेतला नाही. भाकरी खाल्ली.

*

मग पंडित शुक्रवार पाळतो का, म्हणजे त्या दिवशी मटण वर्ज्य करतो का, याची चौकशी. बोटीवरचा खानसामा आमच्यातलाच. तो म्हणाला, पंडित एकदा शुक्रवारी बोटीवर होते, मटण सोडाच, मासळीलाही शिवले नाहीत.

"बोट लागली असेल," माम म्हणाले.

*

शेवटी फादर वैतागले. वरून निकाल येईपर्यंत या विषयावर कोणी तोंड उघडायचं नाही! पुढच्या रविवारी ओट्यावर सगळे चिडीचूप. पास्कू कळवळून म्हणाला, "फादर, निदान मासळीच्या भावावर तरी भांडू दे."

*

नोव्हेंबर आमचा मेलेल्यांचा महिना. मावशीकडे लादाईन होती. शेवटी घरातल्या एकेका मृताचं नाव घेऊन एकेक 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायची रीत. मामांनी मावशीच्या सासऱ्याचं नाव घेतलं, सासूचं घेतलं. झालं म्हणून आम्ही उठायला लागलो. माम गुडघ्यांवरच.

"मारये, पोरीचं नाव काय ठेवणार होतीस गो?"

मावशी परत गुडघ्यांवर आली. "रोझा."

"रोझासाठी," माम म्हणाले.

पास्कू अर्धवट उभा होता. "म्हणजे माम, पंडिताचं खरं?"

"साफ खोटं. गुडघे टेक."