अ‍ॅम्ब्युलन्समधली पातेली
मटणाच्या रश्श्याचा वास आला की मी अजून पंगतीतून उठून जातो. पंधरा वर्षं शर्यतीत गाडी चालवून मी नुकताच पंच झालो होतो आणि विट्याजवळच्या माळावर मातीतली मोटारशर्यत होती. अ‍ॅम्ब्युलन्स उभी असल्याशिवाय शर्यत सोडायची नाही, असा नियम. ती दिसेना म्हणून विचारलं, तर आयोजक हसत म्हणाला, "आवं सायेब, येतीय की. तुमी सही करा, पाव्हणं खोळंबल्यात." लोक शिट्ट्या मारत होते. मी कागदावर अ‍ॅम्ब्युलन्सच्या रकान्यात 'हजर' लिहून सही केली. तिसऱ्याच फेरीत एक गाडी उलटली. चालक माझ्याच जुन्या संघातला. त्याचा पाय पत्र्याखाली चिरडला होता. आम्ही त्याला ओढून बाहेर काढलं आणि वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने अ‍ॅम्ब्युलन्स आली. दार उघडलं तर स्ट्रेचरवर पाहुण्यांच्या जेवणाची पातेली. "सावकाश उतरवा रं, सांडंल!" आयोजक ओरडला. पातेली उतरेपर्यंत चालक मातीत कण्हत होता आणि मग रश्श्याने तेलकट झालेल्या त्याच स्ट्रेचरवर आम्ही त्याला मिरजेला नेलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. भेटायला गेलो तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "दादा, अ‍ॅम्ब्युलन्स न्हवती, हे तुमाला ठावं हुतं व्हय?" मी म्हणालो, "नव्हतं रे." आता मुख्य पंच म्हणून गावोगाव माझे सत्कार होतात आणि गळ्यात हार पडताना मला त्या आयोजकापेक्षा माझीच जास्त किळस येते.