सहा घंट्यांची अमेरिका

टेलरमास्तरांच्या गळ्यातली टेप मी कधी उतरलेली पाहिली नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या घरासमोरच त्यांचं दुकान. गिऱ्हाईक असलं की ते कापड मोजत, नसलं की जग मोजत. कापसानं मार खाल्लेली ती वर्षं. नवे कपडे शिवायला कोणी फिरकत नसे, त्यामुळे जगाची मापं जोरात चालली होती.

मला न्यूयॉर्कच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि आईनं साफ नाही म्हटलं. बाबा गेल्यापासून मी जवळच्या बाळापूरला गेले तरी मी परतेपर्यंत ती दारात उभी असे. रडून भागेना, तेव्हा मी मास्तरांना गाठलं. त्यांनी भिंतीवरच्या नकाशाला टेप लावली, तोंड वाकडं केलं आणि मला माझा पृथ्वीगोल आणायला पिटाळलं. गोलावर टेप पार वरून, बर्फाच्या बाजूनं वळवली.

"कापड पाटावर येगळं भरते, अंगावर येगळं," ते म्हणाले. "पाह्य, केवढी जवळ आली अमेरिका."

आई असल्या मापांना भुलणारी नव्हती. मग मास्तरांनी विमानाच्या वेळांचा कागद मागवला. मुंबईहून रात्री एकला सुटणार, न्यूयॉर्कला सकाळी सातला पोचणार. तो कागद आईपुढे धरून ते गंभीरपणे म्हणाले, "सहा घंटे, भाभी. पुण्याची एसटी याच्याहून जास्त घेते."

एकची वेळ इथल्या घड्याळाची आणि सातची तिथल्या, हे त्या लबाड माणसानं गिळलं. मीही गिळलं. आईनं कागद दोनदा वाचला. "सहा घंटे म्हणजे काई लय नाही," ती म्हणाली, आणि मी गेले.

पुढचं मला आईनं नंतर सांगितलं. सकाळी सातला ती फोनपाशी बसली. मास्तर दुकान बंद ठेवून समोर येऊन बसले. आठला म्हणाले, "उतरायले गर्दी असंन." दहाला म्हणाले, "सामान भेटलं नसंन." बाराला त्यांचा धीर सुटला.

"भाभी, मी लबाड बोललो. साडेपंधरा घंटे लागतात. तिकडचे सात म्हंजे आपले संध्याकाळचे साडेचार."

"मले मालूम आहे. त्याच दिवशी सायबर कॅफेवाल्याले विचारून आली मी."

"मंग हो काहून म्हणलं?"

"पोरीले पाठवायचंच होतं, पण तोंडातून हो निघत नव्हतं. तुमी खोटं बोलले, तं मले सोपं गेलं."

"आन् सकाळपासून इथं काहून बसून राहिल्या?"

"तुमी किती वेळ टिकता, ते पाहून राहिली होती."

अकोल्याच्या घड्याळात संध्याकाळी सहाच्या सुमारास मी फोन केला, तो मास्तरांनीच झडप घालून उचलला. "पोचली का?" आवाज पार बारीक झाला होता. "तुई आई काई नाही भेली पोरी, मीच भेलो. तुले काही झालं असतं, तं या बाईले तोंड कसं दाखवलं असतं मी?"

मागे आई खळखळून हसत होती. कितीतरी वर्षांनी हसत होती, आणि मी ते साडेबारा हजार किलोमीटरवरून ऐकत होते.