माजी विद्यार्थ्यांची वकीलबाई

वकिलाच्या फायली कधीतरी बंद होतात, किस्से मात्र उघडेच राहतात! त्यात मी कंपन्यांची वकील, आणि वर आमच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाची अध्यक्ष. म्हणजे दिवसभर लोकांना सांगायचं, "घाईत सही करू नका." आणि संध्याकाळी त्यांनाच देणगीचा फॉर्म पुढं करून म्हणायचं, "करा पटकन!"

*

माझे वडील, नाना, नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये छापलेले कागद तपासायचे. वकिलीच्या पहिल्या वर्षी मी एका कारखान्याचा करार घरी आणला होता. रविवारभर वाचला, सगळं ठीक वाटलं. नानांचं इंग्रजी बेताचंच. त्यांनी चहा पिता पिता नुसती पानं उलटली आणि विचारलं, "बाराच्या पुढं एकदम चौदा कसं गं?"

तेरावं कलम गायब! माल उशिरा आला तर भरपाई कोणी द्यायची, ते आधीच्या मसुद्यात नेमकं त्यातच होतं. समोरच्या पार्टीनं हळूच काढलेलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी ते दाखवलं. ऑफिसात माझं एवढं कौतुक झालं की विचारू नका!

घरी येऊन नानांना सांगितलं, तर म्हणाले, "कौतुक कसलं? आमच्याकडं हे नजरेतून सुटलं असतं तर मेमो मिळाला असता!"

*

संघासाठी मी पहिला फोन केला तो एका वर्गमित्राला. आता मोठा उद्योजक. दर वेळी सेक्रेटरीचं एकच, "सर मीटिंगमध्ये आहेत." शेवटी मी म्हटलं, "सरांना सांगा, गॅदरिंगमधला त्यांचा तो फोटो माझ्याकडे आहे."

दोन मिनिटांत कॉलबॅक! "कोणता फोटो?"

"आधी होस्टेलच्या अभ्यासिकेचं बोलू."

अभ्यासिका झाली. उद्घाटनाला मी कबूल केलं, की माझ्याकडे असा कुठला फोटोच नाही. तो दचकला. "नाही? मग तो गेला कुणाकडे?"

*

येवल्याचे एक पैठणी विणणारे काका, आमचेच माजी विद्यार्थी. त्यांनी देणगी पाठवली. मी लेटरहेडवर आभाराचं पत्र धाडलं, "आपणास कळविण्यात येते की..."

तिसऱ्या दिवशी काका एसटीनं थेट माझ्या ऑफिसात. पत्र हातात, कपाळाला घाम. "ताई, नोटीस कशापायी? माझं काय चुकलं?"

मी त्यांना बसवलं, चहा दिला, पत्र वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून काका म्हणाले, "मंग 'आभारी हाय' एवढंच लिहायचं ना!"

तेव्हापासून आभाराची पत्रं मी हातानं लिहिते. दोन ओळी. कलमं नाहीत!

*

मुलींच्या होस्टेलला नवी स्वच्छतागृहं हवी होती. सभागृहाला नाव द्यायला रांग, वाचनालयाला रांग. इथं मात्र संघाच्या बैठकीत सगळ्यांच्या माना खाली! मी चिडून म्हटलं, "एकालाही आपलं नाव नको?"

मागून आमचे निवृत्त प्राध्यापक आहेर सर उठले. "माझं लावा. नोकरीभर पोरींनी मला नावंच ठेवली, आता भिंतीवर ठेवा!"

सभा हसून लोटपोट. त्याच बैठकीत सगळं काम मार्गी लागलं.

*

आणि हा अगदी अलीकडचा. शिष्यवृत्तीच्या मुलाखती होत्या. टेबलाच्या या बाजूला मी आणि आहेर सर, समोर सुरगाण्याकडची एक मुलगी. कायद्याला प्रवेश मिळालेला, पण शिष्यवृत्ती नाही मिळाली तर शिक्षण तिथंच थांबणार. बाहेर बाकावर तिची आई बसलेली. पोरगी घाबरली होती, पण उत्तरं चोख देत होती.

मी फॉर्ममधला शेवटचा प्रश्न विचारला. तो मीच घातलेला, माझा आवडता. "शिकून मोठी झालीस की समाजाला परत काय देशील?"

तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही शिकत होता तेव्हा तुम्हाला हे कुणी विचारलं होतं?"

बोलण्यावर पोट भरणारी मी, पेनाला टोपण लावत बसले. आहेर सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"नाही," मी म्हटलं.

"तरी देताय ना?"